लेलँडी तोडली, ढीग उरला: सूचिपर्णी झाडांच्या ढलप्या बागेत कशा वापरायच्या

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या घरामागची नऊ लेलँडी झाडं तोडली. संध्याकाळी चारच्या सुमारास, अंधारून येता येता, ट्री सर्जनने, म्हणजे झाडं तोडणाऱ्या कारागिराने, हेल्मेट काढलं आणि विचारलं, "वुडचिप घेऊन जाऊ की इथेच टाकू?" घेऊन जायचे पैसे वेगळे पडणार होते. मी म्हणाले, टाका. त्याने ट्रकचा मागचा भाग उचलला आणि ड्राइव्हवेवर सात घनमीटर हिरवट-तपकिरी डोंगर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डोंगरातून वाफा निघत होत्या. नवरा खिडकीतून बघत म्हणाला, "पेटलंय का ते?"

पेटलं नव्हतं. पण पुढची दोन वर्षं तो ढीग कुठे टाकायचा, कुठे टाकायचा नाही आणि टाकताना काय चुकतं, हे मी करून शिकले. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या कितीतरी मंडळींच्या कुंपणाला हीच झाडं आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते. ज्यांना बाकीचं वाचायला वेळ नाही त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: ढलप्या मातीवर अंथरायच्या, मातीत गाडायच्या नाहीत. मी नेमकं उलटं केलं होतं. त्याचं पुढे येईलच.

हे झाड आलं कुठून

लेलँडी म्हणजे लेलँड सायप्रेस. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा माँटेरी सायप्रेस आणि उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा नूटका सायप्रेस यांचा हा संकर. निसर्गात या दोघांची गाठ पडत नाही. वेल्समध्ये वेल्शपूलजवळच्या लेटन हॉलच्या बागेत मात्र दोन्ही जवळजवळ लावलेली होती आणि १८८८ साली तिथल्या बियांतून ही रोपं निघाली. वर्षाला जवळपास एक मीटर वाढतं, बारा महिने हिरवं राहतं, आडोसा देतं. म्हणून उपनगरांत लोकांनी हौसेने लावलं आणि मग शेजाऱ्यांची भांडणं इतकी झाली की दोन मीटरहून उंच सदाहरित कुंपणांबद्दल तक्रार करता यावी म्हणून कायदाच करावा लागला. इंग्लंडमध्ये तो जून २००५ पासून लागू आहे. आमचं कुंपण सात मीटरवर गेलं होतं. शेजारच्या आजी वर्षानुवर्षं अंधाऱ्या स्वयंपाकघरात चहा करत होत्या आणि एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत. त्यामुळे तर जास्तच लाज वाटत होती.

नुसतं छाटून का नाही भागवलं? कारण लेलँडी जुन्या तपकिरी लाकडातून पुन्हा फुटत नाही. हिरव्याच्या आत कात्री गेली की तिथे कायमचं टक्कल.

कुऱ्हाड लावण्याआधी

झाड आपल्या आवारात आहे म्हणून आपल्या मर्जीने तोडता येतंच असं नाही. कौन्सिलच्या वेबसाइटवर दोन गोष्टी बघा: झाडावर टीपीओ, म्हणजे संरक्षणाचा हुकूम, आहे का; आणि घर कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जपणुकीसाठी ठरवलेल्या भागात, येतं का. टीपीओ असेल तर परवानगी काढावी लागते. कॉन्झर्व्हेशन एरियात, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाची जाडी ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर सहा आठवडे आधी लेखी कळवावं लागतं. मार्च ते ऑगस्ट शक्यतो टाळा. पक्ष्यांची घरटी असतात आणि वापरात असलेलं घरटं मोडणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. लेलँडीच्या गर्द झुडपात घरटं बाहेरून दिसत नाही, हे विसरू नका.

तिसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. हॅरोसारख्या भागात घरं लंडन क्लेवर, म्हणजे चिकणमातीवर उभी आहेत. ही माती आपल्या काळ्या रानासारखी वागते: सुकली की आक्रसते, भिजली की फुगते. घराला लागून मोठी झाडं असतील तर ती वर्षानुवर्षं पाणी ओढून माती आक्रसवून ठेवतात. ती एकदम तोडली की माती हळूहळू पाणी पिऊन फुगते आणि पाया उचलला जाऊ शकतो. आमची झाडं घरापासून लांब, बागेच्या टोकाला होती. तुमची भिंतीजवळ असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा.

ट्री सर्जनशी दर ठरवतानाच ढलप्यांचंही बोलून घ्या. माझ्या यादीत आता चार गोष्टी असतात. ट्रकमध्ये आधीच्या कामाचा माल नको, फक्त आपल्याच झाडांचा हवा. कुंपणाची तार, प्लॅस्टिकची दोरी, काटेरी झुडपांच्या फांद्या त्यात घालू नका. खोडाचे जाड ओंडके वेगळे ठेवा, ते वाटेच्या कडेला लागतात. आणि माल नेमका इथे टाका. ही शेवटची जागा तुम्ही स्वतः उभं राहून दाखवा. लॉनवर ढीग चार-पाच दिवस राहिला तरी खालचं गवत पिवळं पडतं. लाकडी शेड, कुंपण किंवा जिवंत झाडाचं खोड यांना टेकून ढीग नको. खाली ताडपत्री अंथरलीत तर शेवटचा थर खरवडताना मला दुवा द्याल.

ढीग ओळखा

गार्डन सेंटरमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळते ती बहुतेक नुसती साल असते, चाळलेली, एकसारखी. आपल्या ढिगात सगळं असतं: लाकडाचे तुकडे, साल, बारीक काड्या आणि भरपूर हिरवा पाला. दिसायला ओबडधोबड, पण जमिनीला हेच जास्त चांगलं. पाल्यात नत्र असतं आणि वेगवेगळ्या आकाराचे तुकडे एकमेकांवर घट्ट चिकटून बसत नाहीत, पाणी खाली झिरपू देतात. करवतीचा भुसा वेगळा. त्याचा थर ओला झाला की पापडासारखा जमतो आणि पाऊस वरून वाहून जातो.

झाड कुठलं होतं यानेही फरक पडतो. लेलँडी, लॉसन सायप्रेस, पाइन, स्प्रूस यांच्या निरोगी झाडांच्या ढलप्या चालतात. यू हेही सूचिपर्णी झाड, पण विषारी. त्याच्या ढलप्या कुत्री, गुरं किंवा लहान मुलं फिरतात तिथे अजिबात नको. माँटेरी सायप्रेसचा पाला खाल्ल्याने गाई गाभडतात हे न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांना चांगलं माहीत आहे, आणि लेलँडी त्याचंच पोर. तेव्हा शेजारी कुणाची गुरं किंवा घोडे असतील तर कुंपणापलीकडे ढलप्या फेकू नका.

आजारी झाडांचं बघूनच ठरवा. लेलँडीच्या फांद्या एकेक करून तांबूस पडून वाळत असतील आणि सालीतून डिंक येत असेल तर तो कँकर नावाचा सालीचा रोग असण्याची शक्यता असते. त्या ढलप्या दुसऱ्या सायप्रेसच्या पायथ्याशी नको. सालीखाली पांढरा, अळंबीसारखा वास येणारा पडदा आणि बुटाच्या नाडीसारखे काळे दोरे दिसले तर हनी फंगस, म्हणजे मुळं सडवणारी बुरशी. त्या झाडाचे बुंध्याचे आणि मुळांचे तुकडे बागेत कुठेच पसरू नका. बाहेरून फुकट माल आणणार असाल तर आणखी सावध राहा. लार्चवर २००९ पासून आणि लॉसन सायप्रेसवर २०१० पासून या देशात फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाचे रोग सापडले आहेत, आणि केंटमध्ये २०१८ साली स्प्रूसवरचा साल पोखरणारा भुंगेरा मिळाल्यावर तिथल्या स्प्रूसच्या मालाच्या वाहतुकीवर बंधनं आली. कुठून आला हे सांगता येत नसेल असा ट्रकभर माल फुकट असला तरी नको म्हणा.

मातीत गाडलं आणि पालक पिवळा पडला

आता माझी चूक. एप्रिलमध्ये मला वाटलं, एवढा सेंद्रिय माल पडलाय, भाजीच्या वाफ्यात मिसळून टाकू. पाच ढकलगाड्या ओतल्या, काट्याने वीतभर खोल मिसळल्या, वर पालक आणि कोबी लावला. तीन आठवड्यांत पालकाची खालची पानं फिकी, मग पिवळी. कोबीने तर वाढायचंच सोडून दिलं. व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवलं. माझे वडील कराडकडे ऊस करतात. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि हसायलाच लागले. "अगं, पाचट कुणी मातीत गाडतं व्हय? वर टाकायचं असतंय. आणि टाकल्यावर युरिया नको का मारायला?"

मी ऊसवाल्याची मुलगी. खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटवू नका, सरीत पसरा, टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू संवर्धक टाका, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. लेलँडी म्हणजे इंग्लंडचं पाचट, एवढंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आत काय घडतं ते असं. लाकडात कर्ब अफाट आणि नत्र जेमतेम. नुसत्या लाकडात हे प्रमाण काही शेकड्यांस एक असतं, पाला मिसळलेल्या ढलप्यांत त्याहून बरंच कमी. लाकूड कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला मात्र साधारण पंचवीस-तीस भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतं. लाकडात ते मिळालं नाही की ते आजूबाजूच्या मातीतून ओढतात. ढलप्या मातीत मिसळल्या म्हणजे आपण प्रत्येक मुळाशेजारी एकेक भुकेला पाहुणा आणून बसवला. पिकाला नत्र कमी पडलं की ते जुन्या पानांतलं काढून नव्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा आधी खाली दिसतो. हे नत्र कायमचं जात नाही. वर्ष-दोन वर्षांत जिवाणू मरतात, कुजतात आणि ते परत मातीत येतं. पण तोवर पालकाने काय खायचं?

तेच आच्छादन म्हणून वर टाकलं तर ही ओढाताण फक्त ढलप्या आणि माती एकमेकांना टेकतात त्या पातळ थरात होते. झुडपांची मुळं त्याच्या खाली असतात, त्यांना पत्ताही लागत नाही. उलट त्या थरात नुकतं उगवलेलं तण उपाशी राहतं. ते बरंच आहे.

चूक झालीच असेल तर दोन उपाय. हाताला लागतील तेवढ्या ढलप्या पंजाने खरवडून वर काढा, आणि नत्र द्या. इथे सल्फेट ऑफ अमोनिया मिळतं किंवा कोंबडीखताच्या गोळ्या मिळतात, पाकिटावरच्या मापाने टाका. मी गोळ्या टाकल्या. पालक अर्धा वाचला, कोबी नाही वाचला.

दुसरी भीती आम्लाची. सूचिपर्णी म्हणजे जमीन आंबट होणार, असं प्रत्येक जण सांगतो. वर पसरलेल्या ढलप्यांनी खालच्या मातीच्या सामूत दखल घ्यावी इतका फरक पडत नाही. लेलँडीखाली काही उगवत नाही याचं खरं कारण तिथली दाट सावली आणि मुळांनी कोरडी ठणठणीत केलेली माती. हा नियम उलट बाजूनेही लागू आहे बरं का: ब्लूबेरीला आम्लधर्मी माती लागते म्हणून लेलँडीच्या ढलप्या टाकल्या तर तिचंही भागणार नाही. तिला एरिकेशियस, म्हणजे आम्लधर्मी, कंपोस्टच घ्या.

हात घालण्याआधी नाकाचं बघा

ताज्या ढिगात हिरवा पाला भरपूर असल्याने जिवाणू कामाला लागतात आणि आतला भाग साठ अंशांपर्यंत तापतो. सकाळची वाफ त्याचीच. दोन-तीन आठवड्यांनी ढीग उकरलात की आत राखेसारखी पांढरी बुरशी आणि धुरासारखी भुकटी दिसते. ती छातीत जाऊ देऊ नका. त्यात अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू असू शकतात, आणि दमा असलेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्यांचा गंभीर त्रास होतो. एफएफपी-२ किंवा त्याहून वरचा मास्क लावा, कोरड्या दिवशी ढिगावर आधी पाणी मारा, वाऱ्याकडे पाठ करा. घरात कुणी केमोथेरपीवर असेल किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर हे काम त्या माणसाचं नाही. हातमोजेही हवेतच. लेलँडीच्या चिकाने माझ्या मनगटावर आठवडाभर पुरळ होतं.

ढीग साठवायचा असेल तर छातीच्या उंचीपेक्षा उंच ठेवू नका आणि मुलांना त्यावर चढू देऊ नका.

किती लागेल

हिशोब सोपा आहे. एक घनमीटर ढलप्या दहा सेंटिमीटर जाडीने पसरल्या तर दहा चौरस मीटर जागा झाकतात. आमचा झुडपांचा पट्टा सहा बाय दोन मीटर, म्हणजे बारा चौरस मीटर. आठ सेंटिमीटर जाडी धरली तर साधारण एक घनमीटर. इथल्या नेहमीच्या ८५ लिटरच्या ढकलगाडीने बारा फेऱ्या. बारा फेऱ्या कागदावर किरकोळ वाटतात, पाठीला विचारा.

थर पुढच्या काही महिन्यांत दबून बसतो. म्हणून टाकताना थोडा जास्तच टाका.

आच्छादन कसं अंथरायचं

वेळ आधी. आपल्याकडे शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो ती स्थिती बघा: माती ओली आहे पण चिखल नाही, मूठ वळली तर गोळा होतो आणि बोटाने दाबला की फुटतो. आच्छादन खालचं जसं आहे तसं राखतं. कोरड्या मातीवर टाकलंत तर ती कोरडीच राहील, कारण हलका पाऊस ढलप्याच पिऊन टाकतात. गोठलेल्या जमिनीवर टाकलंत तर वसंत आला तरी माती थंडगार. इंग्लंडात त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मग फेब्रुवारीचा शेवट ते मार्च हे दोन काळ बरे.

आधी तण काढा. चिकवीड, ग्राउंडसेल असलं वरवरचं तण थराखाली मरतं, त्याची फिकीर नको. बाइंडवीड आणि काउच गवत मात्र आपल्या हरळीच्या जातीचं. एक तुकडा राहिला तरी थरातून वर येतं, आणि आता ते जास्त जोमाने येतं. मुळासकट काढा. तण फारच माजलं असेल तर खाली साधा तपकिरी पुठ्ठा अंथरा. डिलिव्हरीच्या खोक्यांचा चालतो, चिकटपट्ट्या आणि पिना काढून. दोन तुकडे वीतभर एकमेकांवर यायला हवेत आणि पुठ्ठा चिंब भिजवायला हवा. त्याखाली विणलेलं प्लॅस्टिकचं कापड टाकायचा मोह होतो. टाकू नका. दोन वर्षांत वरच्या ढलप्या कुजून माती होते, त्यात तण रुजतं, त्याची मुळं कापडात अडकतात आणि मग ते काढताना देव आठवतो.

आता गाडी ओता आणि दाताळ्याने पसरा. झुडपांखाली सात ते दहा सेंटिमीटर. पाच सेंटिमीटरपेक्षा कमी थराने तण थांबत नाही, फक्त बाग सजवल्यासारखी दिसते.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते खोडापाशी. झाडाच्या बुंध्याभोवती ढलप्यांचं वारूळ करू नका. साल ही हवेतली वस्तू आहे. ती सतत ओली राहिली की सडते, बुरशी शिरते. खोडाभोवती तळहाताएवढी, दहा सेंटिमीटरची मोकळी जागा सोडा. वरून बघितलं तर थराचा आकार ताटासारखा दिसावा, कडा उंच आणि मध्ये खोलगट. तसंच घराच्या भिंतीपाशी. विटांमध्ये ओल अडवणारा जो थर असतो, त्याच्या खाली किमान पंधरा सेंटिमीटरपर्यंत माती आणि आच्छादन मिळून काही येता कामा नये, नाहीतर बागेची ओल बैठकीच्या भिंतीवर चढते. भिंतीतल्या हवेच्या जाळ्या झाकू नका.

लहान रोपांभोवती, गुलाबाच्या कलमांभोवती आणि जमिनीतून डोकं काढणाऱ्या कंदांवर थर पातळ ठेवा. डॅफोडिल सात सेंटिमीटर सहज फोडतात. नाजूक क्रोकस मात्र कंटाळतात.

वाट

आमच्या सात घनमीटरपैकी सगळ्यात सुखाने खर्ची पडला तो वाटेवर. चिकणमातीच्या बागेत नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कपडे वाळत घालायला जाणं म्हणजे आपल्याकडे भाताच्या खाचरातून चालणं.

वाटेची रेघ दोरीने आखा, पाच सेंटिमीटर माती खरवडा (ती वाफ्यावर टाका), कडेला ते वेगळे ठेवलेले ओंडके अर्धे गाडून लावा. मग भिजवलेला पुठ्ठा आणि वर दहा सेंटिमीटर ढलप्या. चालून चालून त्या दबतात आणि पहिल्या पावसात मऊ, उसळता गालिचा होतो. पाणी साचत नाही. वर्षाआड वरून एक पातळ थर. जुनी वाट कुजून काळी झाली की ती उचलून वाफ्यावर खत म्हणून जाते आणि नवीन ढलप्या येतात. उतार जास्त असेल तर पावसात ढलप्या वाहून जातात, तिथे हा उपाय नको. शेजारच्या आजींना चालायला काठी लागते, त्यांच्या बाजूला आम्ही फरशाच ठेवल्या. व्हीलचेअर आणि काठीला ढलप्या जड जातात.

भाजीचा वाफा

बी पेरायचं तिथे ताज्या ढलप्या नकोत. मेथी, कोथिंबीर, गाजर यांचं कोवळं अंकुर त्याखालून येत नाही, आणि आलं तर गोगलगायी वाटच बघत असतात. दोन वाफ्यांमधल्या वाटांवर मात्र खुशाल टाका. वर्षानुवर्षं एकाच जागी राहणाऱ्या पिकांना, रूबार्ब, रास्पबेरी, गूजबेरी वगैरेंना, आच्छादन फार मानवतं. २०२२ च्या जुलैत इथे चाळीस अंश झाले तेव्हा आच्छादनाखालची रास्पबेरी टिकली, उघडी स्ट्रॉबेरी करपली.

उरलेल्याचं खत

शेवटी दीड-दोन घनमीटर उरले. लेलँडीत राळ असते म्हणून नुसत्या ढलप्या कंपोस्टात सावकाश कुजतात. त्यांना हिरवा, ओला जोडीदार लागतो. मी दोन घमेली ढलप्यांमागे एक घमेलं लॉनचं ताजं गवत घेते. नुसतं गवत घातलं की त्याचा घाण वासाचा चिकट गोळा होतो. ढलप्या घातल्या की तो होत नाही, म्हणजे दोघांचंही भलं. भाज्यांची सालं, चहाचा चोथा, कॉफीचा गाळ सगळं चालतं. टी-बॅगमध्ये प्लॅस्टिक असू शकतं, म्हणून त्या फोडून घाला. आपण पातेल्यात चहा करणारे, आपल्याला तो प्रश्नच नाही.

ढीग एक मीटर रुंद, एक मीटर उंच तरी हवा, नाहीतर उष्णता टिकत नाही. ओल पिळलेल्या फडक्याइतकी. महिन्याने एकदा काट्याने पालटा, बाहेरचं आत, आतलं बाहेर. मनापासून पालटलंत तर वर्षभरात, आळस केलात तर दोन वर्षांत भुसभुशीत काळं खत होतं. मोठे तुकडे राहतात, ते दहा मिलिमीटरच्या चाळणीने चाळून पुन्हा नव्या ढिगात. तेच पुढच्या ढिगाचं विरजण.

जिथे झाडं होती तिथे

बुंधे मशीनने दळून घेतले तर खड्ड्यात भुगा आणि माती यांचा लगदा राहतो. तोच खड्ड्यात दाबून वर लॉन टाकायचा सोपा मार्ग ट्री सर्जन सुचवतो. असं केलं की वर्षभरात तिथे खळगा पडतो आणि गवत पिवळं राहतं, कारण हा भुगा मातीत गाडलेलाच असतो. आम्ही भुगा काढून वाटेवर टाकला, खड्डा मातीने भरला, चांगलं कुजलेलं खत मिसळलं, पाइपने सलग आठवडाभर पाणी सोडलं आणि वर आच्छादन टाकून एक हिवाळा जागा तशीच ठेवली. मग शरदात हॉथॉर्न आणि हेझलची उघड्या मुळांची, कुंडीत न वाढवलेली रोपं लावली. दोन मीटरवर थांबवायची, हे नवऱ्याकडून लिहून घेतलं आहे.

पहिल्या वर्षी काय काय दिसेल

ऑक्टोबरमध्ये वाटेवर अळंब्या उगवल्या. विटकरी रंगाच्या, झुबक्यांनी. पाहुणे आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, भाजीपुरत्या आहेत की!" पावसाळ्यात रानातली अळंबी खुडून आणणाऱ्या गावच्या सवयीने इथे अजिबात जाऊ नका. ढलप्यांवर येणाऱ्या कित्येक जाती खाण्याजोग्या नाहीत आणि काही तर अमली पदार्थांच्या कायद्यात येतात. त्या लाकूड कुजवतात, झाडांना काही करत नाहीत. राहू द्या. लहान मुलं किंवा कुत्रं असेल तर हातमोजा घालून खुडून टाका. एखाद्या दमट सकाळी कुणी पिवळंधमक बेसन ओतून गेल्यासारखा लगदा दिसेल. ती श्लेष्म बुरशी, दोन-तीन दिवसांत आपोआप तपकिरी होऊन विरते.

पृष्ठभाग करडा पडेल. तो कुजल्याचा नव्हे, उन्हाचा रंग. दाताळं फिरवलं की खालचा तपकिरी वर येतो. जाडी बोटाने मोजा, पाच सेंटिमीटरच्या खाली गेली की भर घाला, जुनं काढायचं नाही.

आणि ब्लॅकबर्ड. हा काळा, पिवळ्या चोचीचा पक्षी रोज पहाटे आच्छादनात किडे शोधतो आणि शोधताना ढलप्या दोन्ही बाजूंना उधळतो, नेमक्या फरशांवर. कडेला ओंडक्यांची बोटभर उंच रांग लावली तर निम्म्या अडतात. उरलेल्या निम्म्यांसाठी मी मागच्या दाराशी अण्णांनी कराडहून आणलेली खराट्याची केरसुणी ठेवली आहे.